कोशिंबिरीचा काल : हिंवाळी पानाच्या डाव्या बाजूचा विचार

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर, करीने आणि शकावल्या यांसाठीं राखून ठेवलेल्या पृष्ठांत मुळा, गाजर आणि कोथिंबीर यांना काय म्हणून जागा द्यावी, असा प्रश्न कोणीं केल्यास तो अगदींच अवाजवी म्हणतां येणार नाहीं. पानांत डाव्या बाजूस जें वाढतात तें तोंडीं लावण्यापुरतें, अशीच आपली समजूत असते. आणि इतिहासलेखकानेंहि आजवर त्यास तेवढाच मान दिलेला आहे.

परंतु हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांस एक अनुभव नित्याचा आहे. जुन्या घरचें दप्तर सोडलें कीं त्यांतून वतनाच्या कागदांबरोबर मुदपाकखान्याच्या याद्या, लग्नमुंजीच्या जेवणावळींचे अंदाज, वाण्याच्या चिठ्ठ्या आणि पाककृतींचीं टिपणें असे कागद निघतात. त्यांवर मिति असली तर वर्ष नसतें, आणि वर्ष असलें तर शकाचा उल्लेख नसतो. वतनाचा कागद रुमालांत बांधला जातो. हे मात्र रद्दींत जातात, अगर त्याहूनहि वाईट म्हणजे ‘पेशवेकालीन’ अशी चिठ्ठी लावून मिरविले जातात. या दोन्ही गती टाळावयाच्या तर अशा कागदांचें वय ठरविण्यास कांहीं साधन पाहिजे. तें साधन त्या कागदांतील जिन्नसांतच बऱ्याच अंशीं सांपडतें, असें माझें मत झालें आहे, आणि तें तपासून पाहण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

विचारासाठीं मीं हिंवाळ्यांतील कोशिंबीर निवडली आहे. मार्गशीर्षापासून माघापर्यंत देशावरच्या बाजारांत कच्च्या खाण्याजोग्या भाज्यांची जी गर्दी असते ती इतर ऋतूंत नसते. कोंवळा मुळा, गाजर, पातीचा कांदा, कोथिंबीर, ओलें आलें, ओला हरभरा, कोबी, टोमॅटो, बीट हीं सारीं एकाच वेळीं येतात. त्यांत या भूमीचे पुरातन रहिवासीहि आहेत आणि काल-परवां आलेले पाहुणेहि आहेत. भाद्रपदांतील काकडी घेतली असती तर हा भेद इतका उघड दिसला नसता.

प्रथम पदार्थाची जात पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सत्ताविसाव्या अध्यायांत आहारद्रव्यांचे बारा वर्ग केले आहेत. शाकवर्ग आणि फलवर्ग त्यांत आहेतच. पण त्यांशिवाय ‘हरितवर्ग’ म्हणून एक निराळा वर्ग आहे. आर्द्रक म्हणजे आलें, जंबीर, मूलक, सुरस म्हणजे तुळस, यवानी, धान्यक, गृंजनक, पलांडु, लशुन हीं द्रव्यें त्यांत येतात. पालेभाज्या शाकवर्गांत घालून झाल्यावर मुळा आणि आलें यांसाठीं पुन्हां वेगळा वर्ग कां करावा लागला? शाक हें शिजवून, पिळून, स्नेह घालून खावयाचें. आणि हरित हें ओलें, हिरवें असतांनाच अन्नाबरोबर रुचीसाठीं घ्यावयाचें, हा व्यवहारांतील भेद त्या वर्गीकरणाच्या मुळाशीं असला पाहिजे. आलें, लिंबाच्या जातीचें फळ, मुळा, कोथिंबीर आणि कांदा, एवढीं नांवें एका ओळींत वाचलीं कीं कोशिंबिरीची सामग्री पुढें मांडून ठेवल्यासारखी दिसते. तेव्हां ‘कच्च्या भाज्या खाण्याची चाल साहेबांकडून आली’ असें जें कधीं कधीं ऐकूं येतें, त्यांत तथ्य नाहीं. चाल जुनी आहे. तिचें नांव निराळें होतें.

मुळ्याविषयीं चरकानें केलेला विवेक तर अगदीं हिंवाळी बाजारांतला आहे. कोंवळा मुळा दोषांचा नाश करणारा, तोच जून झाला कीं तिन्ही दोष वाढविणारा, आणि स्निग्ध पदार्थांत शिजविला तर वाताचें शमन करणारा, असे त्याचे भाग केले आहेत. कोशिंबिरीस कोंवळा मुळा आणि भाजीस निबर मुळा, हा आजहि घरोघर पाळला जाणारा नियम याहून निराळा नाहीं. मुळा खाऊन वर दूध पिऊं नये, कारण त्यानें कुष्ठाची बाधा होते, हेंहि त्याच ग्रंथांत सव्विसाव्या अध्यायांतील विरुद्धाहाराच्या प्रकरणीं सांगितलें आहे. आणि तोहि निषेध वृद्ध माणसांच्या तोंडून आपण ऐकलेला आहे. दह्याविषयीं म्हणाल तर शरद्, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत तें बहुधा निंद्य, असें चरकाचें मत आहे. म्हणजे हेमंत आणि शिशिर हे दह्याचे ऋतू ठरतात, आणि मुळ्याच्या किसांत दहीं कालविण्यास नेमका हाच काळ शास्त्रसंमत होतो. आजच्या घरांत याच ऋतूंत मुलांना ‘थंडींत दहीं नको’ म्हणून दटावितात, ही गोष्ट निराळी.

आतां नांवाकडे वळूं. कोथिंबीर हा शब्द संस्कृत कुस्तुंबुरु किंवा कुस्तुंबरी यापासून निघाला, यांत संशय घेण्याजोगें कांहीं नाहीं. पाणिनीनें सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादांत (सूत्र १४३) या एका शब्दासाठीं स्वतंत्र सूत्र खर्चिलें आहे. वनस्पतीची जात असा अर्थ असेल तरच मधला सकार येतो. ‘वाईट तुंबुरु’ एवढाच अर्थ असेल तर येत नाहीं, असा त्याचा आशय. ‘स्त’चा प्राकृतांत ‘त्थ’ होतो. पुस्तक या शब्दापासून पोत्थअ आणि त्यापासून आपल्या सर्वांच्या आवडीचा पोथी हा शब्द झाला. त्याच वाटेनें आरंभींच्या उकाराचा ओकार होऊन कुस्तुंबरीची कोथिंबीर झाली. एकच नियम पोथीला आणि कोथिंबिरीला लागू पडावा, ही गोष्ट मला नेहमींच मौजेची वाटत आली आहे.

पण कोशिंबीर या वाटेनें येत नाहीं. ‘स्त’चा ‘श’ किंवा ‘स’ होण्यास प्राकृताचा सामान्य नियम आड येतो. येथें मराठीच्या बाहेर पाहिलें पाहिजे. कानडींत कोत्तंबरी म्हणजे कोथिंबीर, आणि कोसंबरी म्हणजे कोशिंबीर. तमिळांत कोत्तमल्लि म्हणजे धने-कोथिंबीर, आणि कोसुमल्लि म्हणजे कोशिंबिरीसारखा पदार्थ. ‘थ-त’काराचें नांव वनस्पतीस आणि ‘स-श’काराचें नांव पदार्थास, अशी ही जोडी तीन शेजारी भाषांत सांपडावी, हा केवळ योगायोग मानणें कठीण आहे. दोन्ही शब्दांची आई एकच असून पदार्थाचें नांव आपल्याकडे कानडी मुलखांतून आलें, आणि येतांना कोथिंबीर या ओळखीच्या शब्दाच्या वळणावर त्याचें ‘कोशिंबीर’ झालें, असा माझा कल आहे. ज्या पदार्थांत कोथिंबिरीची पानें शिंपडल्यावांचून चालत नाहीं, त्यास कोथिंबिरीवरूनच नांव मिळालें तर त्यांत नवल नाहीं.

या मताला पदार्थाच्या घडणीचाहि आधार आहे. कानडी कोसंबरींत भिजविलेली मुगाची अगर हरभऱ्याची डाळ मुख्य असते, आणि काकडी अगर गाजर तीत मिसळतात. रामनवमीस पानक आणि कोसंबरी वांटण्याची चाल तिकडे सर्वत्र आहे. आपल्याकडे चैत्रांतील हळदीकुंकवास पन्हें आणि आंबेडाळ देतात. महिना तोच, जोडीहि तीच. नांव मात्र बदललें. हिंवाळ्यांत याच कुळांतला जो पदार्थ आपल्याकडे होतो तो मुळ्याचा चटका. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटावयाची, तीत किसलेला मुळा घालावयाचा, लिंबू पिळावयाचें आणि वरून हिंगमोहरीची फोडणी द्यावयाची. डाळ वगळली कीं राहते ती आपली नेहमींची मुळ्याची कोशिंबीर. पचडी या शब्दाचेंहि असेंच आहे. ‘पच्च’ म्हणजे हिरवें, कच्चें, हा द्राविडी शब्द त्यांत उघड दिसतो. आणि मुळ्याचा कोंवळा पाला बारीक चिरून जी पचडी करतात ती त्या अर्थाशीं इमान राखून आहे. उलट रायतें हें उत्तरेकडचें. त्यांतील ‘राय’ म्हणजे राई, संस्कृत राजिका. म्हणजे पानाच्या डाव्या अंगास दक्षिण आणि उत्तर या दोहोंकडून माल आलेला आहे.

पाकशास्त्रावरील लिखाणाचा क्रमहि हेंच सुचवितो. कानडींत चावुंडराय याच्या लोकोपकार या ग्रंथांत (इ. स. १०२५ च्या सुमारास) सूपशास्त्राचें प्रकरण आहे, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं तिसऱ्या मंगरसानें त्याच विषयावर स्वतंत्र काव्य रचलें. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास शके १०५१ (इ. स. ११२९) मधला, त्याच्या तिसऱ्या विंशतींत अन्नभोगाचें प्रकरण आहे, आणि मंडक, धोसक, इडरिका यांचीं नांवें तेथें वाचावयास मिळतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेले त्याचे पहिले दोन भाग १९२५ व १९३९ सालीं निघाले. मराठींत मात्र रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें सूपशास्त्र हें छापील पुस्तक १८७५ सालचें, आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचें गृहिणीमित्र १९१० सालचें. मधल्या काळासाठीं आपणांस रघुनाथ गणेश नवहस्त याच्या भोजनकुतूहलाकडे जावें लागतें. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तंजावरास व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयानें राहिलेल्या या महाराष्ट्रीय पंडितानें संस्कृत ग्रंथांत पदार्थांचीं देशी नांवेंहि दिलीं, म्हणून तो आपल्या विशेष उपयोगाचा. त्याचा काल आणि चरित्र प्रकाशांत आणण्याचें श्रेय भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांस आहे. जिलबी, मका, भुईमूग यांसारख्या गोष्टींवर निबंध लिहिण्यास ज्यांनीं संकोच केला नाहीं, त्यांच्याच मागें आम्हीं ही कोशिंबीर घेऊन निघालों आहों.

आतां गाजर. हिंवाळी भाज्यांत याच्याइतका वादग्रस्त इतिहास दुसऱ्या कशाचा नसेल. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांस अभक्ष्य म्हणून लशुन, गृंजन, पलांडु आणि कवक यांची गणना आहे. याज्ञवल्क्यानेंहि आचाराध्यायांत लशुन आणि गृंजन यांचीं नांवें घेऊन तीं खाणारास चांद्रायण सांगितलें आहे. हें गृंजन म्हणजे काय? अमरसिंह लसणीच्या पर्यायांतच गृंजन घालतो. पण मनु आणि याज्ञवल्क्य यांनीं दोन्ही नांवें वेगवेगळीं घेतलीं असल्यामुळें तीं एकाच वस्तूचीं असणें शक्य नाहीं. मिताक्षराकार विज्ञानेश्वर त्याचा अर्थ लसणीसारखा, पण तांबड्या व बारीक कंदाचा, असा करतो. चरकाच्या हरितवर्गांत गृंजनक हें पलांडु आणि लशुन यांच्या शेजारींच बसलें आहे, तेंहि याच अर्थास धरून. म्हणजे बाराव्या शतकापर्यंत गृंजन ही कांद्यालसणीच्या कुळांतली उग्र गंधाची वस्तु होती, एवढें निश्चयानें म्हणतां येतें.

यानंतर चित्र पालटतें. सोळाव्या शतकांतील भावमिश्र आपल्या भावप्रकाशांत गाजर म्हणजेच गृंजन असें सांगतो, आणि ‘नारंगवर्णक’ हा आणखी एक पर्याय देतो. गाजर ही वनस्पति मूळची इराण-अफगाणिस्तानाच्या बाजूची. फारशींत तिला गज़र आणि अरबींत जज़र म्हणतात. संस्कृतांत क्वचित् दिसणारा ‘गर्जर’ हा शब्द देशी नांवाला मागाहून घातलेलें सोंवळें आहे, असें मी समजतों. नवा कंद बाजारांत आला, त्यास शास्त्रांत नांव पाहिजे होतें. तांबड्या कंदाचें एक जुनें नांव, ज्याचा खरा वाच्यार्थ लोक विसरत चालले होते, तें त्याच्या गळ्यांत पडलें. नांवाबरोबर निषेधहि आला. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं चातुर्मासांत कांद्यालसणीबरोबर गाजरहि वर्ज्य असे, आणि कारण विचारल्यास ‘मनूनें सांगितलें आहे’ असें उत्तर मिळे. मनूनें गाजर पाहिलें असण्याचा संभव फारच थोडा. एका शब्दाचा अर्थ सरकला आणि निरुपद्रवी, गोड अशा एका कंदास शेंकडों वर्षें कांद्याच्या पंक्तीस बसावें लागलें.

‘नारंगवर्णक’ या शब्दावरून घाईनें अनुमान काढूं नये. आज बारमहा मिळणारें केशरी गाजर हें युरोपांत, विशेषतः हॉलंडांत, वाढीस लागलेल्या जातींचें वंशज आहे. आपल्याकडचें हिंवाळी देशी गाजर तांबडें, कधीं जांभळट, आणि पाणीदार असतें. भावमिश्राच्या मनांत पूर्वेकडील तांबूस-पिंवळ्या जातीच असल्या पाहिजेत. जुन्या कागदांत ‘गाजर’ आलें म्हणजे हें तांबडें गाजर समजावें. आणि संस्कृत ग्रंथांत ‘गृंजन’ आलें म्हणजे ग्रंथाचा काल पाहिल्यावांचून अर्थ करूं नये.

यापुढचा प्रश्न तिखटपणाचा. आजच्या कोशिंबिरींतून हिरवी मिरची काढली तर तिला कोशिंबीर कोण म्हणेल? पण मिरची ही अमेरिकेंतली. कोलंबसाच्या प्रवासानंतर ती युरोपांत गेली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकांत आपल्या किनाऱ्यास लागली. मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत, अशी नोंद गेल्याच्या मागल्या शतकांतील ग्रंथांत आहे. आईन-इ-अकबरींत (इ. स. १५९० च्या सुमारास) मसाल्याच्या जिनसांचे भाव दिले आहेत, त्यांत मिरें, पिंपळी, सुंठ, ओलें आलें आहे, पण मिरची नाहीं. मिरची हें नांवसुद्धां उसनें. मरिच या मिऱ्याच्या नांवावरून तें बनविलें.

मग त्यापूर्वींची कोशिंबीर मिळमिळीत होती काय? मुळींच नाहीं. श्रीहर्षाच्या नैषधीयचरितांत, म्हणजे बाराव्या शतकांत, सोळाव्या सर्गांत दमयंतीच्या विवाहाच्या पंक्तीचें वर्णन आहे. तेथें राई घातलेला दह्याचा एक शुभ्र पदार्थ वाढतात, आणि त्याच्या झणझणीतपणामुळें वऱ्हाडी डोकें खाजवीत, टाळू वाजवीत तो खातात, असें कवीनें विनोदानें लिहिलें आहे. ज्यानें फेसलेली मोहरी घातलेलें रायतें एकदां खाल्लें आहे त्यास या श्लोकावर टीकेची गरज नाहीं. मिरचीचा तिखटपणा जिभेस लागतो, मोहरीचा नाकांतून मस्तकांत जातो. कवीनें वर्णिलेली ही डोकें खाजविण्याची क्रिया मोहरीचीच साक्ष देते. मोहरी थोड्या पाण्यांत वाटून फेस येईपर्यंत घोटावयाची, मग ती दह्यांत कालवावयाची, आणि खावयाच्या आधीं थोडा वेळ मुरूं द्यावयाची, ही रीत आजहि जाणत्या घरांत आहे. तेलांत मोहरी तडतडविली म्हणजे तिचा हा गुण नाहींसा होतो आणि केवळ खमंगपणा उरतो. म्हणजे मिरचीनें कोशिंबिरींत प्रवेश केल्यावर मोहरीस तिच्या मूळच्या कामावरून काढून फोडणींत वासापुरतें ठेवलें, असें म्हटलें तरी चालेल. हिंगाची मात्र जागा ढळली नाहीं. १५६३ सालीं गोव्यास छापलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथांत हिंदु लोक अन्नांत हिंग किती आवडीनें वापरतात तें नोंदलेलें आहे.

मिरचीपूर्वींचें हें पान पाहावयाचें असेल तर धर्मकृत्याच्या स्वयंपाकांत पाहावें. दक्षिणेंतील ब्राह्मणांच्या श्राद्धाच्या स्वयंपाकांत अद्याप मिरची न घालतां मिरें घालतात, आणि कोबी, बटाटा, टोमॅटो यांस ‘विलायती भाज्या’ म्हणून मज्जाव असतो. पितरांना नवे पदार्थ माहीत नाहींत, अशी त्यामागची भावना असो वा नसो, संशोधकाला हें पान म्हणजे बुरशी न लागलेलें जुनें दप्तरच आहे.

बाकीचे पाहुणे थोडक्यांत आटोपतां येतात. कोबी हा शब्द पोर्तुगीज ‘कोव’पासून आला, आणि भाजीहि त्यांच्याबरोबर आली. बीट हें नांव इंग्रजी. टोमॅटो अमेरिकेंतला, त्यास मराठींत आरंभीं ‘वेलवांगी’ म्हणत, आणि हिंदींत ‘विलायती बैंगन’ म्हणत. कोशिंबिरींत त्याचा शिरकाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीं सार्वत्रिक झाला असेल असें वाटत नाहीं. सर्वांत फसवा पाहुणा म्हणजे दाण्याचें कूट. देशावरच्या माणसास दाण्याचें कूट इतकें घरचें वाटतें कीं भुईमूगहि अमेरिकेंतून आला हें सांगितलें तर त्यास पटत नाहीं. मुंबई इलाख्यांत त्याची लागवड खऱ्या अर्थानें फोफावली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. त्यापूर्वीं कोशिंबिरीस दाटपणा आणण्याचें काम देशावर तिळाच्या कुटानें आणि कोंकणांत ओल्या नारळानें होत असलें पाहिजे. संक्रांतीच्या आसपास मुळ्याच्या अगर गाजराच्या कोशिंबिरींत भाजलेल्या तिळाचें कूट घालणारीं घरें आहेत. तो सणाचा विशेष नसून जुन्या रीतीचा अवशेष असावा.

या सर्वांवरून कागदाच्या परीक्षेस काय मिळतें तें आतां सांगतों. कोशिंबिरीच्या कृतींत मिरची आली तर तो मजकूर सोळाव्या शतकाच्या अलीकडचा, आणि देशावरचा असेल तर बहुधा आणखी शंभर वर्षें अलीकडचा धरावा. दाण्याचें कूट सररास येत असेल तर तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापलीकडे नेण्यास दुसरा भक्कम पुरावा पाहिजे. टोमॅटो आला, मग तो कोणत्याहि नांवानें येवो, तर ‘पेशवेकालीन’ ही चिठ्ठी निमूटपणें काढून टाकावी. पुण्याच्या वाड्यांतील मेजवान्यांचे म्हणून जे बेत हौशी लोक छापतात, त्यांतील कित्येक या एकाच कसोटीस उतरत नाहींत.

उलट दिशेनें अनुमान करतांना मात्र फार जपलें पाहिजे. मिरचीचें नांव नाहीं म्हणून कागद जुना, असें होत नाहीं. अनुक्ति म्हणजे अभाव नव्हे. कोशिंबिरींत मीठ घालावें हें जसें कोणी लिहीत नाहीं, तसें रोजच्या वापरांतली मिरचीहि कित्येक वेळां लिहिली जात नाहीं. शिवाय श्राद्धाच्या अगर व्रताच्या स्वयंपाकाची यादी असेल तर ती मुद्दामच जुन्या वळणाची असते. दुसरें असें कीं पाककृतींची वही ही पोथीसारखी एकदां लिहून संपत नाहीं. सासूनें आरंभिलेल्या वहींत सून भर घालते, आणि नात समासांत लिहिते. तेव्हां एका पानावर टोमॅटो दिसला म्हणून सबंध वही टाकून देणें म्हणजे ज्ञानेश्वरीच्या प्रतींत एक क्षेपक ओवी सांपडली म्हणून ज्ञानेश्वरीच अर्वाचीन ठरविण्यासारखें आहे. अक्षर, शाई आणि कागद पानागणिक पाहावा. संस्कृत ग्रंथांतील नांवांची भूल वर गृंजनाच्या बाबतींत सांगितलीच. ‘आलुक’ या शब्दाचीहि तीच गोष्ट. तो पुष्कळ कंदांना लागत असे. त्याचा बटाटा करून अमेरिकेचा शोध हजार वर्षें मागें नेऊं नये. आख्यानकाव्यांतील भोजनप्रसंगांवरहि भार घालूं नये, कारण कवीच्या पंगतींत आंबा आणि आंवळा एकाच पानावर येतात आणि ऋतूंची दखल कोणी घेत नाहीं.

मोडी कागदांपुरती आणखी एक अडचण आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत, आणि घाईच्या लेखनांत अक्षरें एकमेकांत अडकतात. ‘मिऱ्या’ आणि ‘मिरच्या’ यांतील अंतर एका चकाराचें; तोच चकार कसरीनें खाल्लेला अगर शाईखालीं दबलेला असला तर कागदाचें वय दोनशें वर्षांनीं इकडचें तिकडे होतें. अशा जागीं शब्दावर डोळे ताणून बसण्यापेक्षां पुढचें परिमाण वाचावें. मिरें महाग, तेव्हां एका घरच्या बेतांत तें टांक-तोळ्यांनीं लिहिलेलें असतें. मिरच्या शेर-पावशेरांनीं, अगर नुसत्या संख्येनें येतात.